घडीवरच्या ओळी

पारनेर तालुक्यातल्या ज्या गावात मी शिक्षक म्हणून साडेतीन वर्षं काढली, तिथलं पोस्टही माझ्याकडेच होतं. शाळेच्या दोन खोल्या. त्यातल्या धाकट्या खोलीत एक लाकडी पेटी, शिक्का, शाईची गादी आणि तिकिटं. सकाळी तासभर मी पोस्टमास्तर असे, नंतर गुरुजी. गावात वाचता येणारे थोडे, त्यामुळे पत्र नुसतं देऊन भागत नसे. ते वाचून दाखवायचं, ऐकणाऱ्याने डोळे पुसेपर्यंत थांबायचं आणि मग उत्तरही आपणच लिहायचं. गावातल्या निम्म्या घरांचं सुखदुःख माझ्या तोंडून त्यांच्या कानावर गेलेलं होतं. त्याची मला तेव्हा घमेंड वाटे. आता माझी पन्नाशी जवळ आली आहे. जे लिहितो आहे ते मला कुणी विचारलेलं नाही, आणि बायकोलाही मी ते अर्धवटच सांगितलेलं आहे.

गावातला एकच मुलगा तेव्हा फौजेत होता. सातवी झालेला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मी त्याला कधी शिकवलं नव्हतं, तरी तो मला गुरुजी म्हणे. रजेवर आला की पोस्टाच्या खोलीत येऊन माझा शिळा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढी. त्याच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणत असे, मीही म्हणे. आबांची कोरडवाहू जमीन होती, एक बैलजोडी होती आणि डावा कान अधू होता. पत्र ऐकताना ते उजवा कान माझ्याकडे करून भिंतीकडे तोंड करून बसत. त्यामुळे पत्र वाचताना मला त्यांचा चेहरा दिसत नसे, आणि त्यांना माझा.

मुलगा निळ्या अंतर्देशीय पत्रावर लिही. आतल्या मोठ्या भागात आबांसाठी मजकूर असे. पाऊस झाला का, आईचे गुडघे कसे आहेत, तांबडा बैल औतात बसतो का अजून. शेवटी कागद मिटताना जी अरुंद घडी आत दुमडली जाते, तिच्यावर बारीक अक्षरात दोन-चार ओळी माझ्यासाठी असत. पहिल्यांदा त्याने लिहिलं होतं, ‘गुरुजी, दहा दिवस दवाखान्यात होतो. आता बरा आहे. घडीवरचं आबांना वाचू नका.’ मी वाचलं नाही. त्यानंतर ती आमची रीतच पडली. आबांना मजकूर वाचून दाखवायचा, घडीवर अंगठा ठेवायचा, पत्र मिटून त्यांच्या हातात द्यायचं. आबा ते टोपीत ठेवत.

पत्रांतून आम्हाला आणखी एक माणूस माहीत झाला होता. साताऱ्याकडचा, मुलाच्याच तुकडीतला. त्याचं नाव आबांनी कधी घेतलं नाही, ते त्याला ‘सातारकर’ म्हणत. तो जेवायला जबर होता, झोपेत बोले आणि प्रत्येक पत्रात आबांना नमस्कार सांगे. मुलाच्या आईने शेंगदाण्याचे लाडू पाठवले की ते दोघांचे म्हणून मोजून डबल असत. “तिकडं दोन लेकरं हायती माझी,” असं ती सगळ्यांना सांगायची. त्यामुळे गावातल्या पारावरही सातारकर ओळखीचा झाला होता.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेकडे लढाई पेटली. शाळेच्या रेडिओभोवती गाव बसे. लढाई जिंकल्याची बातमी आली तेव्हा मी झेंड्याच्या काठीखाली उभा राहून भाषण केलं. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडणारा देश जगात एकच, असं काहीतरी म्हणालो. मी ते मनापासून म्हणालो होतो. आबांना पुढे बसवून त्यांच्या गळ्यात हार घातला. पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले.

संक्रांतीच्या आसपास पत्र आलं. आत नेहमीचं होतं: मी खुशाल आहे, पलटण मागे आली आहे, काळजी नसावी. घडीवर मुंग्यांसारखं बारीक अक्षर होतं. ते मला अजून पाठ आहे.

‘गुरुजी, हे आबांना वाचू नका. सातारचा गेला. भाताच्या खाचरात पडला आणि पाणी मागत होता. माझ्या बाटलीत पाणी होतं. मी बांधाआड पडून राहिलो. गोळ्या चालू होत्या हे खरं, पण थांबल्यावरही मी लगेच उठलो नाही. त्याच्या घरी कळवलं की लढता लढता कामी आला. कुणाला तरी सांगावं म्हणून लिहिलं.’

मी अंगठा ठेवला. मजकूर वाचून झाल्यावर आबांनी भिंतीकडे बघतच विचारलं, “सातारकर बरा हाय का?”

“बरा आहे. नमस्कार सांगितलाय.”

गेला म्हटलं असतं तर कसा गेला ते आलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतर दर पत्राला सातारकराचा नमस्कार मी माझ्या मनाने सांगू लागलो. पुढच्या दिवाळीला लाडू पुन्हा दोघांचे गेले. ते मी कापडात शिवलेल्या डब्यावर पत्ता घालून, शिक्का मारून पाठवले. उत्तरात मुलाने लाडवांबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. मी आबांना सांगितलं, दोघांना फार आवडले.

बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, आणि जिरायती गावं होती तशी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेली. तिथे दुपारच्या सुट्टीत सरकारी वाटपाची सुकडी हातावर घेऊन माणसं बसत आणि लढाईवर बोलत. जिंकल्याचा आनंद वर्षाच्या आत आटला होता. शाळा सुटल्यावर मी हजेरीपट लिहायला मदत म्हणून कामावर जाई, तेव्हाची ती बोलणी अजून कानात आहेत.

“तिकडची लाखो मानसं आपन पोसली, ते बरं. आता आपल्याला कोन पोसतंय?” एक म्हणे.

“पोसतंय की. अमेरिका. मिलो खातोस न्हवं?”

“आरं तीच अमेरिका बोटी घिऊन आल्ती आपल्यावर!”

“मंग काय? आधी भ्या दाखवायचं, मंग लाल जुंधळा. सावकार न्हाई का आसं करत?”

“मुलूख घ्यायचा न्हवता, तर गेलो कशाला?”

“शेजाऱ्याच्या घरात भावाभावांचं लागलं, आपन धाकट्याला वाटनी काढून दिली. आता धाकटा सुदीक वळख दितोय का बघायचं.”

आबा त्या बोलण्यात पडत नसत. कुणी त्यांना डिवचलं, “आबा, तुमचं पोरगं कशापायी लढलं सांगा की,” तर ते म्हणत, “त्याला धाडलं, त्यो गेला. मी तुला कामावर कशापायी आलास म्हनून इचारतो का?” आणि सगळे हसत.

लढाईला वर्ष होत आलं तेव्हा पारनेरच्या वाचनालयाने बाजाराच्या दिवशी जाहीर वादविवाद ठेवला. विषय होता: ‘या युद्धामागे आपला हेतू निःस्वार्थ होता.’ बाजू चिठ्ठ्या टाकून ठरणार होत्या. मला प्रतिकूल बाजूची चिठ्ठी आली. ज्याने झेंड्याखाली ते भाषण केलं होतं त्याला आता उलट बोलायचं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. कोणत्याही बाजूने बोलता येतं तोच खरा वक्ता, असं मी समजत होतो. पंधरा दिवस मी वर्तमानपत्रांची कात्रणं जमवली. मुद्दे जमले, पण ते कोरडे होते. अनुकूल बाजूला तालुक्यातले एक नामांकित वकील होते आणि ते लोकांना रडवणार हे ठरलेलं. मला असं काहीतरी हवं होतं की ज्याला उत्तर नसेल.

मी आबांना मुद्दाम निमंत्रण दिलं. “आबा, लढाईवर आहे. तुम्ही यायलाच हवं.” ते धुतलेलं धोतर नेसून आले. अधू कानामुळे ते कर्ण्याच्या बरोबर खाली बसले. आमच्या गावची दहा-बारा माणसंही बाजार उरकून मागे उभी होती.

वकील फार चांगलं बोलले. निर्वासितांचे हाल सांगितले तेव्हा बायका पदर डोळ्याला लावत होत्या. मग मी उठलो. वर्षभरातली महागाई, मिलो, मोठ्या देशांचे डाव, सगळं बोललो. टाळ्या बेताच्या पडल्या. नगरहून आलेले प्राध्यापक अध्यक्ष होते, ते घड्याळ बघत होते. आणि मग मी ते काढलं.

मी तिथे बोलताबोलता भरात येऊन ते काढलं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. ते खरं नाही. मी ते आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलं होतं. नाव घ्यायचं नाही, एवढीच काळजी मी घेतली होती.

मी म्हणालो, “साताऱ्याकडचा एक जवान भाताच्या खाचरात पडला होता. पाणी मागत होता. त्याचा जिवाचा सोबती चार हातांवर बांधाआड होता. त्याच्या बाटलीत पाणी होतं. तो उठला नाही. गोळ्या थांबल्या, तरी उठला नाही. घरी काय कळवलं? कामी आला! मी विचारतो, कोणाच्या कामी आला? दिल्लीच्या? ढाक्याच्या? ज्याच्याशेजारी तो मेला त्याच्या तरी कामी आला का?”

टाळ्या उसळल्या. अशा टाळ्या मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या, नंतरही नाहीत. अध्यक्षांनी मला पहिला क्रमांक दिला. ‘कामी’ या एका शब्दावर वक्त्याने बाजी मारली, असं ते म्हणाले.

खाली उतरल्यावर गावची मंडळी भोवती जमली. “गुरुजी, वकिलाचं तोंड शिवलंत!” मग त्यातल्या एकाने डोळा मारून विचारलं, “आन त्यो बांधाआडचा कोन वो? आपल्याच शिवंतला काय?” बाकीचे फिस्सकन हसले. मीही हसलो. नाही म्हणायला, दटावायला, निदान गप्प बसायला हरकत नव्हती. मी हसलो. तेव्हा मला आबा दिसले. बाजाराची पिशवी छातीशी धरून ते त्या माणसांच्या मागेच उभे होते.

एस.टी.ने आम्ही फाट्यावर उतरलो. तिथून गाव पाऊण तासाच्या चालीवर. बाकीचे पुढे गेले. दिवस मावळत होता. आबा माझ्या बरोबरीने चालत होते, पण या वेळी त्यांनी उजवा कान माझ्याकडे ठेवला नव्हता. ते माझ्या उजव्या अंगाला, अधू कान माझ्याकडे करून चालत होते. मग म्हणाले, “गुरुजी, सातारकर गेला व्हय?”

“आबा, ते भाषण होतं. भाषणात असं...”

“काय?” ते थांबून वळले. “मोठ्यानं बोला. मघा बोलत हुता तसं.”

“गेला, आबा.”

“कवा?”

“लढाईतच.”

ते मनाशी मागे मागे गेले. “म्हंजी संक्रांतीला नमस्कार आला, त्यो? लाडू आवडलं म्हनला, त्यो?”

“ते मी म्हणत होतो.”

त्यांनी एक वहाण काढली, त्यातला खडा झटकला, पुन्हा पायात घातली. “आन बांधाआड आमचं पोरगं हुतं.”

हे त्यांनी विचारलं नव्हतं, तरी मी “हो” म्हणालो.

“ह्ये आमच्या पत्रात हुतं?”

“होतं.”

“मंग आमाला का न्हाई वाचलं?”

त्याने सांगितलं होतं वाचू नका म्हणून, असं मी म्हणालो. बोलताबोलताच ते उत्तर माझ्या तोंडात विटलं. आबांनी मान हलवली, समजल्यासारखी. “आमाला वाचू नका म्हनला,” ते म्हणाले. “बाजाराला वाचा म्हनला हुता का?” वेशीपाशी नेहमीसारखं “येतो गुरुजी” म्हणाले. ते म्हणाले नसते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडताना ते दारात होते. फडक्यात बांधलेली सगळी पत्रं त्यांनी टेबलावर ठेवली. “पयल्यापासनं वाचा. घडीवरचं बी.” मी वाचलं. शाळेची घंटा झाली, पोरं अंगणात दंगा करत राहिली. ते या खेपेला भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत, माझ्याकडेच बघत बसले. दवाखान्याचं वाचलं, साहेबाने शिक्षा दिल्याचं वाचलं. ते संक्रांतीचं वाचलं तेव्हा ‘हे आबांना वाचू नका’पाशी मी अडखळलो. “वाचा,” ते म्हणाले.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, “लिव्हा.”

मी नवं पत्र घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं: तुझ्या बाला सगळं कळलं. तू भ्यालास, त्यात पाप न्हाई. गोळीला बैल बी भितो. पर सातारकराच्या घरी जा. त्याच्या आईला भेट. तुजी आई लाडू धाडंल ते घिऊन जा. एवढं सांगून ते थांबले. “आन आमाला कसं कळलं, ते तुमचं तुमी लिव्हा. जसं झालं तसं.”

“लिहितो,” मी म्हणालो.

आणि मी लिहिलं, ‘पत्रातील मजकूर आबांना कळला.’

आपल्या भाषेत ही एक सोय आहे. कळलं म्हटलं की कुणी सांगितलं ते सांगावं लागत नाही. मुलांना मी व्याकरण शिकवत होतो, कर्ता कुठे दडतो ते मला चांगलं ठाऊक होतं. आबांनी विचारलं, “लिवलं?” मी म्हणालो, “लिहिलं.” त्यांनी सहीच्या जागी अंगठा दिला. माझ्या लबाडीखाली त्यांचा अंगठा उमटला. मी शिक्का मारून पत्र रवाना केलं.

उन्हाळ्यात मुलगा रजेवर आला. येताना परस्पर साताऱ्याकडे जाऊन आला होता. दुसऱ्या दिवशी तो पोस्टात आला तेव्हा मी खुर्ची पुढे केली, पेपर पुढे केला. तो बसला नाही.

“तुमचं पत्र आलं तवा मला वाटलं, आबांनी दुसऱ्या कुनाकडनं वाचून घेतलं आसंल,” तो म्हणाला. “काल हाटेलात समजलं. लोकांनी मला च्या पाजला. म्हनले, तुज्या पत्रावर गुरुजींनी बक्षीस आनलं.”

मी चुकलो, असं म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. मला बोलता येतं ना. तो ऐकून घेत उभा राहिला. मग हळू म्हणाला, “त्याच्या आईकडं गेल्तो. सगळं सांगायचं ठरवून गेल्तो. तिनं इचारलं, पानी मागितलं का रं माझ्या लेकरानं? मी म्हनलो, न्हाई मावशी, येळच न्हाई आला. मला एका म्हातारीला सांगता आलं न्हाई, गुरुजी. तुमी सगळ्या बाजाराला सांगितलं. तुमच्यात लई दम हाय.”

तो हे टोचून बोलत नव्हता. तो खरंच तसं समजत होता की काय, या विचाराने मी अजून कधी कधी जागच्या जागी घामाघूम होतो.

जाताना तो म्हणाला, “कार्डं द्या. धा द्या.”

“अंतर्देशीय नको?”

“नको. कार्डानं भागतंय.”

त्यानंतर मी त्या गावात आणखी वर्षभर होतो. त्याची कार्डं येत राहिली. ‘मी खुशाल आहे. तुम्ही सर्वजण खुशाल असावे. आईस नमस्कार.’ दर खेपेला एवढंच, त्याच क्रमाने. आबा येत, उजवा कान माझ्याकडे करून बसत. दुसरीकडे वाचून घ्यायला ते गेले असते तर मी सुटलो असतो, पण ते माझ्याकडेच येत राहिले. गावात दुसरं होतं तरी कोण? मी वाचायला लागलो की संपेच.

“एवढंच?” ते विचारत.

“एवढंच, आबा.”

ते हात पुढे करून कार्ड घेत. एका बाजूने बघत, उलटं करून दुसऱ्या बाजूने बघत, आणि मग कडेवरून सावकाश अंगठा फिरवत, कुठे काही दुमडलेलं आहे का ते पाहत. मी तेव्हा खरं सांगत होतो. त्यांना ते पटवायला माझ्याकडे काही उपाय नव्हता.

मग ते कार्ड टोपीत ठेवून उठत.